दुसऱ्या पक्षाचा थोरला मुलगा

हाम जिनमो या माणसाविषयी आमच्या धंद्यात दोन मतं होती. पहिलं, असा प्रोजेक्ट मॅनेजर अख्ख्या सोलमध्ये शोधून सापडायचा नाही. दुसरं, या माणसाला करार वाचता येत नाही. ही दोन्ही मतं माझ्याच तोंडून तुम्ही एका दिवसात ऐकली असतीत, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. माझं नाव पी उनजे. आमची कंपनी बँकांना सॉफ्टवेअर करून देते. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि नाही केलं तर काय, हे कागदावर उतरवणं माझं काम. माणसं सांभाळणं हामसाहेबांचं काम. माझे कागद ते इतक्या सहज बाजूला सारायचे की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दिसायला अगदी साधे. बुटके, रुंद खांद्यांचे, केस बरेच मागे गेलेले. दक्षिणेला गोहंगच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या शेवाळाची शेती करणाऱ्या घरातला थोरला मुलगा, शिकायला सोलला आला तो इथलाच झाला. लग्न झालं होतं, मोडलं होतं, त्याबद्दल ते बोलत नसत. आवाज कधी चढवला नाही. फोनवर बोलताना, समोरच्याला दिसत नसतानाही, कमरेत वाकायचे. आम्ही टर उडवायचो, की साहेब, वाकल्यावर रेंज जास्त येते का? ते हसायचे आणि पुढच्या फोनला पुन्हा वाकायचे.

आमच्याकडे करारात काम देणाऱ्याला गाप म्हणतात आणि काम करणाऱ्याला उल. पहिला पक्ष आणि दुसरा पक्ष, एवढाच त्याचा अर्थ. पण हे शब्द कागदावर राहिले नाहीत, माणसांना चिकटले. जेवायला बसलं की गापने चमचा उचलेपर्यंत उल थांबतो. लिफ्टमध्ये गाप आधी शिरतो. गापने विनोद केला की उल हसतो आणि उलने विनोद केलाच तर गापचं तोंड बघून मग बाकीचे हसतात. मी नोकरीला लागले तेव्हा आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे तू सासरीच गेलीस म्हण की.

या सासरी नांदायची हामसाहेबांची एक रीत होती. गापच्या घरचं लग्न त्यांनी चुकवलं तरी चुकवलं, मयत कधी चुकवलं नाही. त्यांचं म्हणणं, लग्नाला कोण आलं होतं ते नवरानवरीही विसरतात, पण आईबाप गेले त्या दिवशी दारात कोण उभं होतं ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही. गाडीच्या डिकीत काळा सूट आणि काळा टाय कायम तयार. कुठल्या बँकेतल्या कुणाचे वडील आजारी आहेत हे त्यांना त्या माणसाच्या सख्ख्या भावाच्या आधी कळायचं. मला याची किळस यायची, खरं सांगते. आधी वाटायचं हा हिशेबी माणूस आहे. मग एकदा त्यांना एका हवालदिल कारकुनाच्या बापाच्या फोटोपुढे रडताना पाहिलं. त्या कारकुनाच्या हातात कुठल्याच कराराची सही नव्हती. तेव्हापासून माझा गोंधळच झाला, की हे नक्की काय आहे.

मून देसिक यांची आई गेली ती अशीच. मून हे एका बचत बँकेच्या संगणक विभागात तेव्हा मधल्या फळीत होते. एकुलता एक मुलगा, गोतावळा नाही. हामसाहेब अंत्यविधीगृहात सगळे दिवस तळ ठोकून बसले. दारातले बूट नीट लावले, आलेल्यांना तिखट रस्सा वाढला, दारू ओतली आणि शवपेटी उचलायला एक माणूस कमी पडला तेव्हा पांढरे हातमोजे चढवून स्वतः खांदा दिला. त्या रात्री मूननी त्यांच्या गळ्यात पडून सांगितलं म्हणे, की आजपासून तू माझा धाकटा भाऊ. नशेत अशी भावंडं आमच्याकडे रोज जन्मतात आणि सकाळी मरतात. हे नातं मात्र टिकलं. हामसाहेबांच्या फोनमध्ये त्यांचं नाव 'मूनदादा' असं होतं.

मून पुढे विभागाचे प्रमुख झाले आणि त्या बँकेची सगळी कामं आमच्याकडे आली. इथपर्यंत हामसाहेबांची रीत बरोबर आणि मी मूर्ख. पण दादाशी कागद कसा करायचा? मून जेवता जेवता म्हणायचे, जिनमो, ते एवढं बदलून टाक. हामसाहेब म्हणायचे, टाकतो दादा. काम वाढायचं, तारीख तीच राहायची आणि करारात त्याचा मागमूस नसायचा. मून ते पुढच्या वर्षीच्या करारात भरून काढायचे, हेही कबूल केलं पाहिजे. शब्दाला पक्के होते. पण दरम्यान रात्री जागायची ती आमची पोरं.

गोष्ट आहे शेवटच्या मोठ्या कामाची. बँकेची अख्खी जुनी सिस्टिम काढून नवी बसवायची होती. करार करताना बँकेच्या वकिलांनी एक कलम घातलं. सिस्टिम बदलण्याच्या काळात प्रकल्प व्यवस्थापक हाम जिनमो यांनी पहिल्या पक्षाच्या लेखी संमतीशिवाय जागा सोडू नये, सोडल्यास पहिला पक्ष पुढच्या टप्प्याचा करार करण्यास बांधील नाही. पुढचा टप्पा म्हणजे आमच्या तीसेक माणसांची दोन वर्षांची चूल. मी त्या कलमाभोवती लाल वर्तुळ काढून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला. म्हणाले, करारात कधी माणसाचं नाव येतं का? हे दादांनी घातलंय. माझ्यावर एवढा भरवसा आहे त्यांचा. मी म्हटलं, साहेब, हा भरवसा नाही, दावं आहे. ते हसले आणि सही केली.

मग शरद ऋतूत, डुकराच्या मांसाच्या शेगडीभोवती बसलो असताना, मूननी आपली अडचण सांगितली. बँकेने मागे एक छोटी बँक विकत घेतली होती. तिच्या जुन्या कर्जदारांचं व्याज वेगळ्याच नियमाने चालायचं. हा सगळा भाग करारात घालायचा मून स्वतः विसरले होते. आता रीतसर बदलाचा अर्ज केला असता तर तो संचालकांपुढे गेला असता, तारीख पुढे ढकलावी लागली असती आणि मूनचा विसरभोळेपणा चव्हाट्यावर आला असता. "तेवढं पोटात घाल, जिनमो," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मांसाचा तुकडा पानात गुंडाळून हामसाहेबांना भरवला. हामसाहेबांनी तोंड उघडलं.

बाहेर पडल्यावर मी भांडले. निदान मीटिंगचं इतिवृत्त म्हणून दोन ओळी लिहून ठेवू या, असं म्हटलं. चाचणीला वेळ उरणार नाही, उद्या तो भाग कोसळला तर आपण कशावर बोट ठेवायचं?

हामसाहेब रस्त्याच्या कडेला थांबले. "उनजे, कागद भांडणात कामाला येतो," ते म्हणाले. "आणि भांडण झालं की कागदाचं काय करायचं? गिऱ्हाईक गेलं, माणूसही गेला. मला जिंकायचंच नाहीये."

मोठ्या बँकांच्या सिस्टिम बदलतात त्या नववर्षाच्या सणात. चांद्र वर्षाच्या त्या सुट्टीत सगळा देश गावाला जातो, पूर्वजांपुढे ताट मांडतो, बँका बंद असतात, म्हणून आम्ही कामावर असतो. त्या वर्षी सुट्टीला लागून शनिवार-रविवार आले होते. सोमवारी सकाळी बँक उघडायची ती नव्या सिस्टिमवर. काम सुरू करण्याआधी संगणकांच्या खोलीत रीतीप्रमाणे डुकराचं मुंडकं मांडलं, उदबत्त्या लावल्या, मूननी मुंडक्याच्या तोंडात नोटा खोचल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या घरघरणाऱ्या यंत्रांपुढे लोटांगण घातलं. माझा देवावर विश्वास नाही. तरी त्या दिवशी मी जरा जास्तच वेळ कपाळ टेकवून राहिले.

सणाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुमारास, मी जिन्यात सिगारेट ओढायला गेले तर खालच्या वळणावर हामसाहेब फोनवर बोलत होते. वाकलेले नव्हते. भिंतीला टेकून खाली बसले होते. फोनवर त्यांचा धाकटा भाऊ जिनगू होता. तो गावीच असतो, बापाबरोबर शेवाळाचं काम करतो. वडील सकाळी होडीवरून उतरताना कोसळले होते आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते.

ऐकलं ते असं. हामसाहेब सांगत होते, की तीन दिवसांचा विधी नको, पाच दिवसांचा कर. उद्या सण, दहनभूमी बंदच असेल, लोक समजून घेतील. सोमवारी पहाटे न्यायचं ठरव. रविवारी दुपारपर्यंत इथलं आटपतंय, संध्याकाळी मी पोचतो. जिनगूचा आवाज फोनमधूनही बाहेर येत होता.

"दादा, थोरला तू आहेस," तो म्हणत होता. "आलेल्या माणसांना मान कोण लववणार? पाहुणे विचारतायत थोरला कुठाय, मी काय सांगू? कंपूटर धुतोय म्हणून सांगू?"

हामसाहेब म्हणाले, "रविवारी येतो रे. आईला सांग, येतोय." मग त्यांनी फोन ठेवला आणि वर पाहिलं तर मी उभी.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मूनसाहेबांना सांगू या, संमतीचा कागद मी दोन मिनिटांत टाइप करते. ते नाही म्हणाले. त्यांनी दिलेलं कारण ऐकून मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. गापला मयताचा निरोप गेला की गापला यावं लागतं. दादा तर येणारच. ऐन सणात, सिस्टिम उघडी पडलेली असताना, दादांवर हा भार टाकायचा? उलच्या घरचं सुतक गापच्या अंगावर टाकायचं नसतं. ज्या माणसाने वीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात बूट लावले, त्याला आपल्या दारात कुणी यावं हे मागता येत नव्हतं. त्यांनी मला कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायला लावलं आणि तोंड धुऊन कामाला बसले.

सणाच्या दिवशी कंपनीने सगळ्यांना तांदळाच्या वड्यांचं सूप पाठवलं. ते खाल्लं की वय एका वर्षाने वाढतं म्हणतात. पोरं एकमेकांना काका-मामा म्हणत खिदळत होती. हामसाहेबांनीही वाटी संपवली. त्यांना पाहून कुणाला संशय आला नसता. फक्त ते फोन खिशात न ठेवता टेबलावर उपडा ठेवत होते.

रविवारी सकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग जुन्या कर्जदारांचं व्याज चुकलं. तेच, शेगडीपाशी गिळलेलं. काहींचं व्याज दुप्पट, काहींचं शून्य. करारात नसलेला भाग, चाचणी न झालेला भाग. पोरांनी चूक कुठे आहे ते दुपारपर्यंत हुडकलं, पण सगळी खाती पुन्हा चालवून तपासायची तर रात्र जाणार हे उघड होतं. साहेबांचं रविवारी संध्याकाळी गावी पोचणं आता हुकत होतं. मी साहेबांना जिन्यात ओढत नेलं आणि सांगितलं, की तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते, वचन गेलं खड्ड्यात. दुरुस्ती पोरं करणार आहेत, लक्ष मी ठेवते, तुम्ही इथे असलात काय आणि नसलात काय. ते म्हणाले, चल.

मूनसाहेब शेजारच्या खोलीत बसून होते. त्यांना कामच नव्हतं, गाप म्हणून हजर राहायचं एवढंच. हामसाहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या बापाच्या मरणाची त्यांनी माफी मागितली, की ऐन वेळी त्रास देतोय म्हणून. मून उठले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते खोटे नव्हते, मी जवळून पाहिलं. त्यांनी हामसाहेबांना मिठी मारली. "गाढवा, चार दिवस गप्प बसलास? माझ्यापासून लपवलंस?" असं म्हणून पाठीत धपाटे घातले.

मी कागद पुढे केला. चार ओळींचा होता. पहिल्या पक्षाची संमती आहे, हाम जिनमो यांच्या गैरहजेरीत पी उनजे काम पाहतील. मूननी पेन उघडलं. कागद वाचला. पुन्हा वाचला. मग पेन बंद केलं.

"उनजे, ह्यावर सही केली आणि उद्या काही झालं तर मला विचारतील," ते म्हणाले. "मॅनेजरला का सोडलंत? बिघाड कशात होता? तो भाग करारात कुठाय? मी काय दाखवू?"

मी बोलायला हवं होतं तितकं बोलले, म्हणजे तो भाग करारात का नाही हे स्वच्छ शब्दांत म्हणाले, आणि हामसाहेबांनी माझ्या कोपराला हात लावून मला थांबवलं. मून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. अवघड प्रश्नाचं उत्तर सापडावं तसा.

"तू थांब, जिनमो. मी जातो," ते म्हणाले. "काम तू करतोयस, मी इथे नुसता बसलोय. तू माझ्या आईला खांदा दिलास, मी तुझ्या वडिलांसाठी जाणार नाही? बँकेची गाडी काढतो. अध्यक्षांच्या नावाचं पुष्पचक्र फोन करून आत्ताच धाडायला सांगतो."

हा क्रूरपणा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण क्रूरपणा असता तर सोपं गेलं असतं. गापने उलच्या बापासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला स्वतः जायचं, हा आमच्याकडे केवढा मान आहे ते त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मून मनापासून देत होते. फक्त चार ओळींखालची सही तेवढी देत नव्हते. हामसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कमरेत वाकले, खूप खाली वाकले आणि म्हणाले, "दादा, तुम्हाला त्रास."

गाडी निघाली. काम चालू राहिलं. हामसाहेब एकदाही चुकले नाहीत, प्रत्येक खात्याचा आकडा स्वतः ताडून पाहत होते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. माझा राग कुणावर होता हे मलाच कळत नव्हतं. सोमवारी उजाडता उजाडता शेवटचं खातं बरोबर निघालं. तिकडे गोहंगला त्याच सुमारास पेटी उचलत होते. हामसाहेब बाहेरच्या बोळात गेले, रिकाम्या खोक्यांच्या मधे, दक्षिण कुठली ते फोनमध्ये बघून घेतलं आणि जमिनीवर कपाळ टेकवून वडिलांना दोनदा नमस्कार घातला. एक पोरगा कॉफी घेऊन तिकडून येत होता, तो तसाच भिंतीला चिकटून उभा राहिला.

बँक उघडली. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. वरून अभिनंदनाचा फोन आला.

मून दुपारी परतले ते तडक आमच्या खोलीत. काळा सूट चुरगळलेला, डोळे सुजलेले. सगळ्यांसमोर त्यांनी हामसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिकडची हकिगत सांगितली. पुष्पचक्र दारात अगदी मधोमध लावलं, गावकरी अध्यक्षांचं नाव मोठ्याने वाचत होते. त्यांनी स्वतः पहाटे पेटीला हात लावला.

"तुझ्या आईला दिसत नाही, हे तू कधी बोलला नाहीस," ते म्हणाले. "मी फोटोपुढे वाकलो, मला माझी आई आठवली, मला रडू आवरेना. तर तिने चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाली, आलास? जिनमो, आलास? मी काय करू सांग. तिचा चेहरा असा झाला होता. मी म्हटलं, हो आई, आलो."

मून रडत होते. हामसाहेबांनी हात सोडवून घेतले नाहीत.

"बरं केलंत, दादा. उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी पुढच्या टप्प्याच्या कराराचा मसुदा आला. मूननी शब्द पाळला होता, गिळलेल्या कामाची भरपाईही त्यात होती. प्रकल्प व्यवस्थापक म्हणून हाम जिनमो यांचंच नाव आणि जागा न सोडण्याचं कलम जसंच्या तसं. मी ते खोडून नवं लिहिलं, घरच्या मयताला संमती लागणार नाही असं. हामसाहेबांनी माझी खाडाखोड पाहिली आणि म्हणाले, राहू दे. हे खोडलं तर दादांना वाटेल मी मनात ठेवलंय. मी विचारलं, मग ठेवलं नाहीये का? ते म्हणाले, शुक्रवारी सही आहे, स्वच्छ प्रत काढ.

दहनानंतर तिसऱ्या दिवशी घरचे सगळे पुन्हा अस्थींपाशी जातात. त्याला तरी त्यांनी जावं म्हणून कंपनीने रजा दिली. त्यांची झोप इतक्या दिवसांची तुंबली होती की गाडी मी चालवली. वाटेत ते झोपले नाहीत. गावाजवळ आल्यावर एवढंच विचारलं, की आईला सांगावं का? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. खरं तर माझ्या मनात होतं की सांगा, आत्ता सांगा, दारातच सांगा.

जिनगू अंगणात शेवाळाच्या जाळ्या उलगडत होता. त्याने भावाला हाक मारली नाही, की शिवीही दिली नाही. मला मान लववली आणि जाळ्यांकडे वळला. आत म्हातारी खालून तापवलेल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. हामसाहेब तिच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, आई, मी जिनमो.

"पुन्हा आलास?" ती म्हणाली. "एवढ्यात कशाला आलास? परवाच तर होतास."

जाळ्यांचा आवाज थांबला. जिनगू दारात येऊन उभा राहिला होता. हामसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चौकटीला धरून तसाच उभा राहिला आणि गप्प राहिला.

म्हातारीने मुलाचा हात शोधून धरला. "तुझे आबा मला नेहमी म्हणायचे," ती म्हणाली, "आपल्या जिनमोला रडता येत नाही, सोलला जाऊन त्याचं सगळं आटलं. मी त्यांना म्हणायची, तुम्ही जा तर खरं, मग बघा. परवा तू रडलास ना, मला वाटलं आता ऐकत असतील. अख्ख्या गावाने ऐकलं. तुला काम असतं, मला ठाऊक आहे. इथून पुढे नाही आलास तरी मी काही म्हणणार नाही. यायचा दिवस होता त्या दिवशी तू आलास."

हामसाहेब म्हणाले, "हो, आई."

मी बाहेर जाऊन गाडीत बसले.